ठोका सापडला पाहिजे, नावासकट

सकाळी ७.००

आज दोन कामं आहेत. संध्याकाळी तालमीला नाटकातल्या गोंधळाच्या प्रवेशाचं पार्श्वसंगीत घेऊन जायचं आहे, आणि तोवर सॅम्पलचा संग्रह कोणत्या सॉफ्टवेअरवर लावायचा हे ठरवायचं आहे. दोन्ही एकाच दिवशी मुद्दाम घेतली आहेत. डेमोबरोबर आलेल्या चकचकीत आवाजांवर पारख केली की सगळेच प्रोग्राम हुशार वाटतात. खरी पारख आपल्या आवाजांवर, आपल्या कामाच्या घाईत होते.

सुरुवात बॅकअपने. मूळ ड्राइव्हला आज कोणताही नवा प्रोग्राम हात लावणार नाही. वेगळ्या डिस्कवर प्रत काढते आणि सगळ्या चाचण्या त्या प्रतीवर करते. काही प्रोग्राम फाइलींची नावं बदलतात, जागा हलवतात, सारख्या वाटणाऱ्या फाइली काढून टाकायची सोय देतात. ‘सारखं’ म्हणजे काय याचा निकष प्रोग्रामचा असतो, आणि तो माहीत नसताना असं बटण दाबू नये. हलगी शेकल्याबरोबर जी बोलते ती अर्ध्या तासाने तशी बोलत नाही. कातडं थंडावलं की आवाज उतरतो. ते दोन ठोके ऐकणाऱ्याला जवळजवळ सारखे वाटतील, पण मला दोन्ही हवे आहेत.

८.००

प्रत होईपर्यंत संग्रहाचा आढावा. माझ्याकडे तीन वाटांनी आवाज येतात. पहिली वाट स्वतः केलेल्या ध्वनिमुद्रणाची: ढोलकी, संबळ, हलगी, दिमडी, तुणतुणं, टाळ, चिपळ्या. दुसरी विकत घेतलेल्या पॅकची. तिसरी फ्रीसाउंडसारख्या खुल्या संग्रहांची. फ्रीसाउंड हा संग्रह बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत-तंत्रज्ञान गटाने २००५ साली सुरू केला.

प्रत्येक वाटेवर दोन जाती आहेत: वन-शॉट, म्हणजे एकच ठोका किंवा एकच टणत्कार, आणि लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येणारं आवर्तन. जागेचा प्रश्न लूपचा असतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ अशा एका मिनिटाच्या वेव्ह फाइलला १७ एमबीपेक्षा थोडी जास्त जागा लागते. वन-शॉटचा प्रश्न संख्येचा. अर्ध्या सेकंदाच्या ठोक्याला जागा नगण्य लागते, म्हणून ते साचत जातात, आणि हवा तो ठोका हजारोंच्या गर्दीत हरवतो.

फोल्डर मी उगमाप्रमाणे लावते: कुठून आला, कोणत्या वर्षी, कुणी वाजवला, मग वाद्य. उगम बदलत नाही, म्हणून तो फोल्डरमध्ये. आवाजाचा स्वभाव मात्र ऐकणाऱ्याप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलतो. आज जो ठोका ‘कोरडा’ वाटतो, तोच दुसऱ्या गाण्यात ‘जवळचा’ वाटेल. स्वभावाची जागा टॅगमध्ये. हे आधी ठरलं नाही तर कोणतंही सॉफ्टवेअर आणलं तरी पसारा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जातो, एवढंच.

९.३०

आता उमेदवार. बाजारात यांची वेगवेगळी घराणी आहेत, आणि प्रत्येकाचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला आहे.

साउंडमायनर, बेसहेड, साउंडली हे सिनेमाच्या ध्वनी-संयोजकांचे. त्यांचा भर शब्दांवर, म्हणजे फाइलला जोडलेल्या वर्णनावर असतो. ‘दार, लाकडी, जुनं, हळू’ असं शोधलं की दार सापडलं पाहिजे. एक्सएलएन ऑडिओचं एक्सओ आणि ॲल्गोनॉटचं ॲटलस हे तालवाद्यांच्या वन-शॉटचा नकाशा काढतात. डेन्मार्कचं सोनोनिम आणि वेव्ह्ज कंपनीचं मोफत कॉसमॉस तालवाद्यांपुरते थांबत नाहीत, सगळ्याच आवाजांचं विश्लेषण करतात. स्प्लाइस आणि लूपक्लाउड यांच्या मागे इंटरनेटवरचा मोठा साठा उभा आहे. शिवाय आपण ज्यात गाणं बांधतो त्या प्रोग्रामचे स्वतःचे ब्राउझरही सुधारले आहेत. २०२४ साली आलेल्या एबलटन लाइव्ह १२ मध्ये टॅग आहेत आणि ‘यासारखे आवाज दाखव’ अशी सोयही आहे. रीपरमध्ये मीडिया एक्सप्लोरर आहे.

सगळ्यांना मी चार प्रश्न विचारणार आहे. मी लिहिलेली माहिती कुठे साठवतोस? माझी वाद्यं माझ्या वर्गवारीत बसवू देतोस का? डोक्यात आलेला आवाज कानापर्यंत किती लवकर पोचवतोस? आणि नेट नसताना काय करतोस?

पहिल्या प्रश्नाची परीक्षा सोपी आहे आणि कुणालाही घरी करता येईल. एका फाइलला टॅग लावायचा, प्रोग्राम बंद करायचा, ती एकटी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडायची. टॅग दिसला तर माहिती फाइलमध्ये आहे. दिसला नाही तर ती प्रोग्रामच्या खासगी डेटाबेसमध्ये आहे, म्हणजे प्रोग्राम गेला की आपण वर्षानुवर्षं ऐकून लिहिलेलं सगळं गेलं. बरेचसे प्रोग्राम या दुसऱ्या गटात मोडतात. ते वापरायला हरकत नाही, पण आपली एकमेव नोंदवही त्यांच्या हवाली करू नये.

११.००

नकाशाचा तास. दिवसातला सगळ्यात रमण्याचा भाग हाच.

नकाशा काढणारे प्रोग्राम प्रत्येक आवाज मोजतात. आघात किती झटकन चढतो, आवाज किती वेळ रेंगाळतो, त्याची ऊर्जा खर्जाकडे झुकलेली आहे की टिपेकडे, काळाबरोबर तिची ठेवण कशी बदलते. एका ठोक्याचे असे अनेक आकडे होतात. मग ते आकडे गणिताने दोन मितींवर आणले जातात, म्हणजे स्वभावाने जवळचे ठोके पडद्यावरही जवळ पडतात. यासाठी प्रसिद्ध झालेली टी-एसएनई ही पद्धत लॉरेन्स व्हान डर माटेन आणि जेफ्री हिंटन यांनी २००८ साली मांडली. ‘इन्फिनिट ड्रम मशीन’ या गूगलच्या प्रयोगात हजारो रोजच्या आवाजांचा असा नकाशा कुणालाही ब्राउझरमध्ये फिरून बघता आला. कल्पनेचं मूळ त्याहून जुनं आहे. १९४८ साली पॅरिसमध्ये रेल्वेच्या आवाजांतून संगीत रचणाऱ्या पिएर शेफरने पुढे १९६६ च्या आपल्या ग्रंथात आवाजांची वर्गवारी मांडली. आवाज कशातून निघाला हे बाजूला ठेवून तो कसा ऐकू येतो यावर त्याचा भर होता. आजचा नकाशा तीच खटपट आकड्यांनी करतो.

मी संबळाचे, हलगीचे, ढोलकीचे आणि टाळाचे ठोके एकत्र टाकते. पडदा भरतो आणि दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात.

पहिली गोष्ट आनंदाची. ढोलकीच्या धुमेचे घुमणारे ठोके एका बाजूला गोळा झाले आहेत, चाटीचे कडक ठोके दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात, जिथे मी कधी शोधलंच नसतं तिथे, संबळाच्या चढ्या आवाजाच्या भांड्याचे काही ठोके टाळाच्या दाबलेल्या आवाजाला लागून बसले आहेत. दोन्ही एकावर एक वाजवते. पात्राच्या प्रवेशाला हवी असलेली धार मिळते. नावांच्या यादीत ‘संबळ’ आणि ‘टाळ’ वेगवेगळ्या फोल्डरमध्ये राहिले असते आणि ही जोडी जुळली नसती. नकाशाचं मोल यात आहे. आपल्या सवयीने ज्या दारात आपण जात नाही, तिथे तो नेतो.

दुसरी गोष्ट सावध करणारी. नकाशावरच्या वर्गांची नावं किक, स्नेअर, क्लॅप, हाय-हॅट, टॉम अशी पाश्चात्त्य ड्रमसेटची असतात, कारण असे वर्ग शिकवण्यासाठी वापरलेले आवाज बहुतांशी त्याच संगीतातले. एका प्रोग्रामने हलगीला स्नेअर ठरवलं. ध्वनीच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे: चपटं चौकटवाद्य, एक जाड आणि एक बारीक काडी, झटकन चढणारा, लख्ख, थोडक्यात संपणारा आवाज. पण स्नेअरच्या गर्दीत गेलेली हलगी मला हलगी म्हणून पुन्हा सापडणार नाही. म्हणून दुसरा प्रश्न निर्णायक ठरतो. यंत्राने जवळपणा मोजावा, नाव मात्र मला ठेवू द्यावं. ज्या प्रोग्राममध्ये वर्गांची यादी बंद आहे आणि माझा टॅग घालता येत नाही, तो इथे मागे पडतो, मग त्याचा नकाशा कितीही देखणा असो.

दुपारी १.००

जेवण, आणि अर्धा तास पूर्ण शांतता. दुपारनंतर सूर तपासायचे आहेत आणि थकलेल्या कानाला चढ-उतार नीट कळत नाहीत.

१.४५

आता पट्टी आणि लय. जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम फाइलची ‘की’ आणि ‘टेम्पो’ आपोआप सांगतो. लूप जुळवताना याचा मोठा उपयोग होतो. पण हे उत्तर कसं निघतं ते कळलं की त्यावर कधी विसंबायचं तेही कळतं.

की शोधण्याची रूढ पद्धत अशी: आवाजातली ऊर्जा बारा स्वरांत वाटून पाहायची, आणि तो आलेख बारा मेजर आणि बारा मायनर अशा चोवीस ठरलेल्या साच्यांशी ताडून पाहायचा. या साच्यांमागे कॅरोल क्रुमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांचं १९८२ चं संशोधन आहे. त्यांनी पाश्चात्त्य संगीताच्या श्रोत्यांना कोणता स्वर किती ‘बसतो’ हे विचारलं होतं. आता या यंत्रापुढे काळी एकचा तंबोरा ठेवा. तारा षड्ज आणि पंचमाच्या, पण जवारीतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांत गंधार स्पष्ट असतो. यंत्राला तो सापडतो आणि ते ‘सी शार्प मेजर’ म्हणतं. षड्ज बरोबर आला, पण त्या शेऱ्यावर विसंबून कुणी हा तंबोरा कोमल गंधाराच्या रागाला चालणार नाही असं ठरवलं, तर उगाच एक चांगला आवाज बाद होईल. तंबोरा मध्यमाला लावलेला असेल तर यंत्र मध्यमालाच आधारस्वर धरू शकतं. म्हणून मी यंत्राची की तशीच ठेवते आणि शेजारी माझी नोंद करते: ‘काळी एक, पंचमाचा’. आमच्याकडचे गायक-वादक पट्टी असंच सांगतात, आणि उद्या कुणी फोनवर ‘काळी एकमध्ये काही आहे का?’ विचारलं तर याच शब्दांनी शोधता आलं पाहिजे.

लयीचंही तसंच. टेम्पो शोधताना दुप्पट किंवा निम्मा आकडा येणं ही सर्वच पद्धतींची ओळखीची अडचण आहे. चार-चारच्या गटांत मोजणाऱ्या प्रोग्रामला आठ मात्रांचा केरवा सोपा जातो. सात मात्रांचा रूपक मात्र अडकतो. १२० च्या लयीतलं रूपकचं एक आवर्तन साडेतीन सेकंदांचं असतं. प्रोग्रामने ते आठ मात्रांचं धरलं तर लय १३७ निघते, आणि तो लूप गाण्यात टाकला की ताणला जाऊन बिघडतो. उपाय फाइलमध्येच आहे. १९९८ साली आलेल्या ॲसिड या प्रोग्रामने वेव्ह फाइलच्या आत लय, मात्रांची संख्या, आधारस्वर लिहिण्यासाठी एक छोटा कप्पा रूढ केला, आणि पुढे इतर अनेक प्रोग्राम तो वाचू लागले. रूपकच्या लूपमध्ये त्या कप्प्यात मी ‘७’ लिहिते. एकदा लिहिलं की तो कप्पा वाचणाऱ्या प्रोग्रामला अंदाज बांधायची गरजच उरत नाही.

पट्टी, ताल, राग हे परंपरेच्या स्वतःच्या शब्दांत मोजायचं ठरवलं तर ते जमतं, याचं चांगलं उदाहरण बार्सिलोनाच्याच गटाचं आहे. २०११ साली झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली तिथे कॉम्पम्युझिक प्रकल्प सुरू झाला. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताबरोबर तुर्की मकाम, बीजिंग ऑपेरा आणि अरब-अंदालुसी संगीत घेतलं होतं. तबल्याच्या बोलांवरही काम झालं. बाजारातल्या सॅम्पल-प्रोग्रामांनी ही दिशा अजून पुरेशी घेतलेली नाही. तोवर ते काम आपल्या टॅगांना करावं लागेल.

३.३०

ढोलकीवाले काका येतात. गोंधळाच्या प्रवेशानंतर नाटकात फडाचा प्रसंग आहे, त्यासाठी शाईचे, चाटीचे आणि धुमेचे सुटे ठोके हवे आहेत. काका नट-बोल्टची ढोलकी चावीने पट्टीत आणतात. प्रत्येक ठोका हळू, मध्यम, जोरात असा वाजवतात आणि दर ठोक्याआधी मी माइकवर बोलते: कोणता हात, कोणती जागा, किती जोर. नंतर काप करताना हे बोलणंच फाइलचं नाव होतं.

चहाला बसल्यावर काका पडद्यावरचे ठिपके बघतात. “पोरी, यातला मी कुठला?”

मी त्यांना मघाचे ठोके दाखवते.

“आणि तू हे दुसऱ्या कुणाला दिलंस, तर त्याला कळेल का हा हात कुणाचा?”

“कळेल, काका. तुमचं नाव फाइलीच्या पोटातच लिहिते.”

“मग लिही. आणि ढोलकीला शाई कुणी भरली तेही लिही. आवाज त्याचाही आहे.”

काकांनी मागितलेल्या या दोन नोंदी कोणत्याच प्रोग्रामच्या तयार टॅगांत नसतात. ‘मूड’चे टॅग भरपूर असतात: गडद, उबदार, आक्रमक. वादक आणि वाद्य घडवणारा यांना रकाना नसतो. पण पुढे काही वर्षांनी याच ढोलकीचा आणखी एक ठोका लागला, तर मला ‘उबदार’ हा शब्द कामाचा नाही. कुणाकडे जायचं, हे कळायला हवं.

५.००

काका गेल्यावर लगेच नोंदी, कारण उद्यावर टाकलेली नोंद अर्धी होते. वेव्ह हे रूप मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने १९९१ साली आणलं. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ साली त्याला रेडिओच्या गरजेने एक पुरवणी जोडली. तिच्यात वर्णनाला २५६ अक्षरं आणि निर्मात्याच्या नावाला ३२ अक्षरं अशी ठरलेली जागा आहे. ही जागा साध्या रोमन अक्षरांची. देवनागरी नोंद मी आयएक्सएमएल या दुसऱ्या कप्प्यात ठेवते. दोन्ही कप्पे फाइलीबरोबर प्रवास करतात. बीडब्ल्यूएफ मेटाएडिट हे खुलं, मोफत साधन पहिला कप्पा भरायला पुरतं, आणि ते एकाच वेळी अनेक फाइलींवर चालतं.

फाइलीचं नावही नोंदच आहे. वाद्य, जागा, जोर, पट्टी, वादकाची आद्याक्षरं, वर्ष, याच क्रमाने, प्रत्येक वेळी. नाव सगळे प्रोग्राम वाचतात, अगदी ज्यांना टॅग कळत नाहीत तेही. सिनेमाच्या ध्वनीकर्मींनी २०२० पासून युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टिम ही सामायिक वर्गवारी विनामूल्य खुली केली आहे. तिचा धडा हाच आहे, की नाव ठेवण्याची रीत सगळ्यांची एक असेल तर सॉफ्टवेअर बदलल्याने काही अडत नाही.

मग हक्क. खुल्या संग्रहातल्या फाइलींचे परवाने वेगवेगळे असतात: काही पूर्ण मोकळ्या, काही श्रेय द्या म्हणणाऱ्या, काही व्यावसायिक वापराला मनाई करणाऱ्या. परवाना फाइलीच्या वर्णनात लिहिला नाही तर दोन वर्षांनी तो शोधायला कुणाला वेळ नसतो. काकांबरोबरची परवानगी लेखी आहे, आणि तिचा क्रमांक नोंदीत आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला श्रेयाचा नैतिक हक्क स्वतंत्र कलमाने दिला आहे. सॅम्पलच्या धंद्यात तो हक्क पाळायची सुरुवात टॅगच्या रकान्यातून होते.

७.००

तालमीचा हॉल. वाय-फाय नाही, मोबाइलची रेंज भिंतीपाशीच. इंटरनेटवरच्या साठ्याचे प्रोग्राम इथे गप्प बसतात. उतरवून घेतलेल्या फाइली वाजतात, पण नवा शोध घेता येत नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

प्रवेश वाजतो. संबळ आणि दाबलेला टाळ दिग्दर्शकांना आवडतो, पण त्यावर आलेला खर्जाचा ठोका त्यांना जड वाटतो. “थोडा कोरडा दे. हाच, पण कमी रेंगाळणारा.” ही सूचना शब्दांनी शोधता येत नाही. ‘हाच, पण’ हे नात्याचं बोलणं आहे. सोनोनिममध्ये तो ठोका निवडते आणि त्यासारखे आवाज मागते. जवळपणा कशाचा धरायचा ते इथे वेगवेगळ्या पट्ट्यांवर कमी-जास्त करता येतं: एकूण ध्वनिवर्ण, पोत, स्वर, आवाजाची चढ-उतार. स्वर आणि पोत घट्ट धरते, चढ-उतार सैल सोडते. यादीत वर येतो तो काकांचा धुमेवरचा दाबलेला ठोका, दुपारीच घेतलेला. तो बसतो. नट पुन्हा जागेवर जातात आणि तालीम अडत नाही.

रात्री ९.३०

निर्णय. मी एकच प्रोग्राम निवडत नाही, थर निवडते.

खालचा थर नोंदीचा: फाइलीचं शिस्तीचं नाव आणि फाइलीच्या आतले कप्पे. हे कोणत्याही कंपनीवर अवलंबून नाही. सिनेमाचं काम मोठं आणि सतत असेल, तर साउंडमायनरसारखं फाइलीत माहिती लिहिणारं साधन घेणं योग्य. माझ्या कामाला मेटाएडिट आणि रीपरचा मीडिया एक्सप्लोरर पुरतात. वरचा थर शोधण्याचा: सोनोनिम, कारण ते तुणतुण्यापासून तंबोऱ्यापर्यंत सगळं ऐकतं आणि नेटशिवाय चालतं. ज्यांचं काम मुख्यतः इलेक्ट्रॉनिक ठेक्यांचं आहे, त्यांना एक्सओ किंवा ॲटलस अधिक हाताशी येईल, कारण ठोका शोधणं आणि ठेका बांधणं तिथे एकाच खिडकीत होतं. पैसे खर्च करायचे नसतील तर कॉसमॉसने सुरुवात करावी. वरचा थर पाच वर्षांनी बदलेल, बदलू दे. खालचा बदलायचा नाही.

नव्याने काम सुरू करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी आपल्या शंभर फाइली घ्या आणि प्रत्येकीत वाद्य, पट्टी, वादक आणि परवाना लिहा. ते करताना जो प्रोग्राम तुमचं लिहिलेलं फाइलीतच ठेवतो आणि तुम्ही ठेवलेलं नाव मान्य करतो, तो तुमचा. मराठी मातीतल्या वाद्यांचे आवाज आता जगभरच्या संगणकांवर फिरणार आहेत, फिरायलाच हवेत. ते ‘एथनिक पर्कशन ०३’ म्हणून फिरायचे की वादकाच्या नावाने, हे पहिल्या दिवशी नोंद करणाऱ्याच्या हातात असतं.

नाटकाच्या श्रेयनामावलीसाठी निर्मात्यांना यादी पाठवते. ढोलकी: काकांचं पूर्ण नाव. त्याखाली, शाई भरणाऱ्याचं.